मॅटखालचं तळं

माझ्या गाडीला वास यायला लागला. कुबट, ओल्या टॉवेलसारखा. मी काय केलं? लॅव्हेंडरचं परफ्यूम आणून एसीच्या जाळीला लटकवलं. दोन पावसाळे असेच काढले. (स्मार्ट जनरेशन, दुसरं काय!)

गाडी 2006 ची. आधी बाबांची, आता माझी. दादरला, समुद्रापासून पाच मिनिटांवर, उघड्यावर उभी असते. दिसायला एकदम चकाचक. परवा मागच्या दाराखाली रंगाला वाटाण्याएवढा फोड दिसला म्हणून डेंटरकडे नेली. चाचांनी स्क्रूड्रायव्हरने तिथे हलकेच टकटक केलं आणि स्क्रूड्रायव्हर सरळ आत! ''बेटा, ये अंदर से आया है.''

सगळा लोचा इथेच आहे. गंज बाहेरून आत जातो असं आपल्याला वाटतं; जुन्या गाडीत बऱ्याचदा उलटं होतं. दारं आणि दाराखालची ती लांब पट्टी, म्हणजे सिल, आतून पोकळ असतात. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात शिरणारच. कंपनीने ते धरलेलंच असतं, म्हणून तर दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं, खारी हवा मदतीला येते, आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतल्या पत्र्याचा पापड झालेला असतो. बरं, सिल ही काही शोभेची पट्टी नाही, बॉस. बाजूने कुणी ठोकलं तर तिथेच मार झेलला जातो.

तेव्हा, मे महिन्यातच ही भोकं मोकळी करा. खराट्याची काडी बेस्ट. तार नको, रंग खरवडला जातो. वायपरखाली अडकलेली पानं काढा. आणि मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून बघा. माझा हात ओला झाला, तोही पावसाळा नसताना! एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी चोंदली होती आणि ते डाव्या सीटच्या पायाशी मुरत होतं. लॅव्हेंडर बिचारं काय करणार?

आता ते काळं रबरी अंडरबॉडी कोटिंग. गंजावरच थापलं तर ओल आतच कोंडते, वर सगळं छान दिसतं. आधी गंज खरवडून प्रायमर मारायला लावा, आणि कोटिंगने भोकं बुजत नाहीत ना, ते स्वतः उभं राहून बघा. पोकळ भागांत मात्र ते पोचत नाही. तिथे लांब नळीने वॅक्सचा स्प्रे मारतात. तो सांध्यांत झिरपतो. त्याआधी आतून सगळं कोरडं हवं.

काशिदला वाळूत गाडी घालून फोटो काढणाऱ्यांनी घरी आल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. फोटो नंतर टाका.

पत्रा कापून, नवा वेल्ड करून, रंगासकट माझं बिल झालं 18 हजार. बाबांनी ते बघितलं आणि एवढंच विचारलं, ''दारांची भोकं कधी साफ केली होतीस?''

म्हणजे दर मेमध्ये गाडीशेजारी उकिडवे बसून ते काडीने हेच करत होते. मला वाटायचं, रिटायरमेंटचा टाइमपास.