साक्ष आणि निकाल

गेल्या पावसाळ्यात इस्लामपुरास नात्यातल्या एका घरी प्रथम कम्युनियनच्या जेवणाला जाण्याचा योग आला. (त्या गावाला ईश्वरपूर म्हणण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली घेतला, आमच्या तोंडी मात्र जुनेच नाव बसलेले आहे.) घरच्या धाकट्या सुनेची मुलगी दहाव्या महिन्यात होती आणि तिच्या गोवर-रुबेलाच्या लशीची तारीख उलटून तीन आठवडे लोटले होते. आम्ही सहज विचारले, तेव्हा सुनेऐवजी सासूबाईच बोलल्या, ‘‘नको ती सुई. थोरलीच्या पोराला टोचून आणलं आणि त्याच रात्री त्याला आकडी आली. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी.’’ त्यावर एक शिक्षक गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘मावशी, असल्या ऐकीव गोष्टींना पुरावा म्हणत नाहीत.’’ मावशी दुखावल्या. सून खाली मान घालून आत गेली. वाद संपला, आणि मूल लशीवाचून राहिले.

आमच्या मते त्या दिवशी दोघांचेही चुकले. आणि ज्या अर्थी हाच वाद आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत होतो, त्या अर्थी त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम गुरुजींविषयी. मावशींची गोष्ट ऐकीव नव्हती. तापाने फणफणलेले, डोळे फिरवलेले नातवंड त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरले होते. जिने हे पाहिले तिला हसणे म्हणजे विज्ञान नव्हे. तो निव्वळ उद्धटपणा आहे. परंतु साक्ष दोन गोष्टींची असते : काय घडले याची आणि ते कशामुळे घडले याची. पहिलीला डोळे पुरतात, दुसरीला पुरत नाहीत. मावशींनी आकडी पाहिली. आकडीचे कारण त्यांनी पाहिले नाही. ते त्यांनी जोडले.

जेवणानंतर आम्ही थोरल्या सुनेजवळ बसून मुलाचे लसीकरणाचे कार्ड मागून घेतले. आकडी आली तेव्हा मूल सोळा महिन्यांचे होते. त्या दिवशी त्याला घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लशीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, असे दोन्ही दिले गेले होते. त्रिगुणी लशीने त्याच रात्री ताप चढू शकतो, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. गोवराच्या लशीचा ताप आलाच, तर बहुधा आठवडा उलटल्यावर येतो. शिवाय सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना कोणत्याही तापात आकडी येते आणि ती बहुतेक वेळा काही इजा न करता जाते. हेही मूल आज अंगणभर धावते आहे. पण कार्डावरची सर्वांत बोलकी नोंद वेगळीच होती : नऊ महिन्यांचे असताना याच मुलाने गोवर-रुबेलाचा पहिला डोस घेतला होता, म्हणजे आज जी लस धाकटीच्या मुलीला नको म्हणतात तीच, आणि तेव्हा काहीच झाले नव्हते. ते कोणाच्या लक्षात नव्हते. काही घडले नाही, ते लक्षात राहतेच कशाला?

ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींचे खरे वैगुण्य हेच आहे. त्या खोट्या नसतात, अपुऱ्या असतात. ज्या घरी आकडी आली ते घर बोलते. ज्या हजार घरी मूल टोचून घेऊन शांत झोपले, ती घरे गप्प असतात. निकाल मात्र दोन्ही मोजल्याशिवाय देता येत नाही.

कोणी म्हणेल, एकाची साक्ष अपुरी असेल, पण दहा जण तेच सांगतात त्याचे काय? वाचकांनी दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नेची कथा आठवावी. साक्षीदार दोन होते, वडीलधारे होते, न्यायासनावर बसणारे होते. सभेने त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि निरपराध स्त्रीला देहान्ताची शिक्षा फर्मावली. तरुण दानिएलाने केले ते इतकेच : दोघांना वेगळे करून त्याने विचारले, कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन निरनिराळी झाडे सांगितली. ‘कोणती लस? किती तासांनी? आधी कोणता डोस झाला होता?’ हे आजचे ‘कोणत्या झाडाखाली’ आहे. हा प्रश्न विचारणे म्हणजे साक्षीदाराचा अपमान नव्हे.

हा प्रश्न नीट न विचारल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगने पुढे सातारा जिल्ह्यालाही गाठले; वाळवे तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ती टोचण्यात आली आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन निलंबित झाले. पण मेलेल्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती. उरलेल्या चार बाटल्यांनी कोणासही अपाय झाला नव्हता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच वापरला गेला होता. हाफकिन यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. मुलकोवालच्या विधवांची साक्ष खरी होती. लस घेतली आणि माणूस गेला, हे खरेच होते. मात्र लशीवर दिलेला निकाल खोटा होता.

आता दुसरी बाजू, आणि येथे आमचा रोख अधिकाऱ्यांकडे आहे. मावशींना आम्ही कार्ड वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग हे तेव्हाच कोणी का नाही सांगितलं?’’ त्यांनी दुसऱ्या दिवशी मूल दाखवायला नेले होते. ‘होतं असं’ म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले होते. नोंद नाही, चौकशी नाही. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची नोंद व्हावी, गंभीर घटनांचे कारण तपासले जावे, यासाठी आपल्या देशात जिल्ह्यापासून केंद्रापर्यंत समित्या आहेत. दोष लशीचा, टोचण्यातील चुकीचा, की केवळ योगायोगाचा, हे त्यांनी ठरवायचे असते. पण दारातच साक्ष परतवली, तर समितीने तपासायचे काय?

अशा साक्षींनी लशीही मागे घेतल्या गेल्या आहेत. अमेरिकेत १९९८ साली आलेल्या रोटाव्हायरसच्या एका लशीनंतर काही बालकांच्या आतड्याचा भाग आतड्यातच शिरून अडकल्याची अवघी पंधरा वृत्ते नोंदीत आली. त्यांवरून तपास झाला, १९९९च्या जुलैत लस थांबवण्यात आली आणि ऑक्टोबरात बाजारातून काढण्यात आली. २०२१ साली आपल्याच केंद्रीय समितीने करोनाच्या लशीनंतरचा एक मृत्यू लशीच्या तीव्र ॲलर्जीमुळे झाल्याचे मान्य केले. लस घेतल्यावर अर्धा तास तेथेच बसवून ठेवतात ते याच धोक्यामुळे. धोका नाहीच, असे सांगणारा अधिकारी आणि सगळा धोकाच आहे, असे सांगणारा शेजारी, दोघेही तपास टाळतात.

मोजणी म्हणजे काय, हे इस्लामपूरला वेगळे शिकवायला नको. मार्च २०२० मध्ये परदेशाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना करोना झाल्याचे उघड झाले आणि थोड्याच दिवसांत बाधितांची संख्या पंचविसाच्या घरात गेली. गावात भय होते, अफवांना ऊत आला होता. साथ आवरली ती अफवांनी नव्हे. संपर्कातील माणसांच्या याद्या झाल्या, त्यांना वेगळे ठेवून तपासले गेले. ज्यांना लागण झाली नाही त्यांचीही नोंद झाली. मग लशीच्या बाबतीत तेच गाव एका आकडीवर निकाल का देते?

भ्रूणपेशींच्या वापराविषयीचा नैतिक प्रश्न निराळा आहे. करोनाच्या लशींपुरते त्याचे उत्तर रोमने २१ डिसेंबर २०२०च्या निवेदनात दिले आहे. येथे प्रश्न पुराव्याचा आहे, आणि त्यातही ख्रिस्तसभा आपणांस वाट दाखवते. लुर्द येथे बरे झाल्याची साक्ष आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी दिली. त्यांच्या अश्रूंवर कोणी संशय घेतला नाही. तरीही १८८३ पासून तेथे डॉक्टरांचे कार्यालय आहे. मूळ निदान पक्के होते काय, आजार गंभीर होता काय, औषधाचा गुण नव्हे ना, बरेपण टिकले काय, हे सारे तेथे वर्षानुवर्षे तपासले जाते. चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती जेमतेम सत्तर-बहात्तर घटनांना. बरे झाल्याची साक्षही जी ख्रिस्तसभा तपासाविना स्वीकारीत नाही, तिच्या लेकरांनी बिघडल्याची साक्ष तपासाविना का स्वीकारावी?

आणि हा केवळ शब्दांचा वाद नाही. २०२२ साली मुंबईत, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला आणि बालके दगावली. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेल्यांचा मोठा भरणा होता. गोवर कोणाचे ऐकीव-पाहिलेले विचारीत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. लशीनंतर मूल आजारी पडले तर कार्डावरची लस, तारीख, वेळ लिहून ठेवा, आरोग्य केंद्रात जा आणि नोंद करून घेतल्याशिवाय उठू नका. अधिकाऱ्यांनी ती नोंद घ्यावी आणि तपासाचे फळ त्या घरी कळवावे. आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अशी गोष्ट कानी आली, तर ती पुढे सांगण्याआधी कोणत्या झाडाखाली, हे विचारावे.

रिकाम्या कबरेची वार्ता घेऊन स्त्रिया आल्या, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली. पेत्राने मात्र वादही घातला नाही आणि मानही डोलावली नाही. तो उठला आणि पाहण्यासाठी कबरेकडे धावत गेला.