हजार विड्यांचा हिशेब

जून महिना लागला की उचगावाहून बेळगावास जाणाऱ्या गाड्यांत दप्तरांची दाटी होते, आणि आमच्याकडे येणाऱ्या आईबापांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : मुलाला काय शिकवावे म्हणजे चार पैसे अधिक मिळतील? आमचे उत्तरही ठरलेले. शिकू द्या, मिळकत मागोमाग येईल.

गेल्या आठवड्यात एका वृद्ध बाईंनी या उत्तरालाच हटकले. राहणार निपाणीच्या, येथे बहिणीकडे आलेल्या. नातीच्या शिष्यवृत्तीची कागदे आम्हांस दाखवावयास आणली होती. म्हणाल्या, "फादर, लेक माझी दहावी पास हाय, मी अंगठा उठवणारी. पर हजार विड्यांमागं तिला जेवढं, तेवढंच मला. मग तिच्या शाळंचं काय झालं?"

हिशेब चोख होता. विडीची मजुरी हजारामागे ठरते. वळणाऱ्या बोटांना अक्षरओळख आहे की नाही, याची ती चौकशी करीत नाही. शिक्षणाने मिळकत वाढते हे खोटे नव्हे, पण ती वाढते दुसरे काम हाती आले तर. शिकलेल्या लेकीच्या गावात पुन्हा तीच विडी असेल, तर प्रमाणपत्र पेटीतच राहावयाचे.

याची दुसरी बाजू अधिक कठीण आहे. दर इतका अपुरा की एका बाईच्या हातांनी घर चालत नाही. मग टेंभुर्णीची पाने कातरावयास, दोरा बांधावयास मुलगी बसते. म्हणजे अज्ञानामुळे मजुरी कमी, असे आपण म्हणतो, तेथे कमी मजुरीमुळेच अज्ञान वाढत असते. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याने विडीच्या कामास मुले लावण्यास मनाई केली, पण घरच्या माणसांनी घरी चालविलेल्या कामास त्यातून सूट ठेवली. आणि विडी वळली जाते ती बहुधा घरीच!

दर वाढला तो कशाने? १९६६ च्या कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानले. मालक न्यायालयात गेले, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९७६ साली कल्याण निधी झाला. निपाणीच्या तंबाखू-विडीत राबणाऱ्या स्त्रियांची दैना अनिल अवचटांनी लिहिली आहे. त्याच स्त्रिया सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या, तेव्हा मजुरीची बोलणी होऊ लागली. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात हेच बजावले होते : कामगार गरजेपोटी कमी वेतनास कबूल झाला, म्हणून ते वेतन न्याय्य ठरत नाही. संमतीचा कागद पुढे करणाऱ्यांनी हे वाक्य आवर्जून वाचावे.

केरळात कण्णूरकडे १९६९ साली विडी कामगारांनी आपली सहकारी संस्था काढली. त्या भागातील विडीशाळांत एक जुनी रीत होती. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयाचे, इतरांनी वळता वळता ऐकावयाचे आणि वाचणाऱ्याच्या वाट्याच्या विड्या सर्वांनी मिळून भरून द्यावयाच्या. शिक्षणाची किंमत कोणी सोसावी, याचे इतके सरळ उत्तर आम्हांस कोठल्या ग्रंथात आढळलेले नाही. आमचेच पाहा ना! सेमिनरीतील आमची इतकी वर्षे लोकांच्या दानावर गेली. आम्हांस त्यासाठी कधी पान कातरावे लागले नाही. शिक्षणाचे माहात्म्य सांगताना आम्ही हे विसरतो.

नात आठवीत आहे. अर्ज तपासून दिला आणि बाईंना म्हणालो, आता तिला पाने कातरावयास बसवू नका. त्यांनी कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले.

"न्हाई बसवत, फादर," त्या म्हणाल्या, "पर तिच्या वाटच्या विड्या कुणी वळायच्या?"