ग्रॅनाइटचा भरवसा

स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवला की आपण म्हणतो, "चला, आता जन्मभर बघायला नको." दगडावर माणसाचा असा विश्वास!

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या बेर्गेल पर्वतातला ग्रॅनाइट असाच भरवशाचा. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीच्या पोटात शिरला आणि वर न येता आतच सावकाश निवला. पुढे आल्प्स उचलला गेला, वरचे थर झिजले आणि पिझ बादिले, पिझ चेंगालो ही शिखरे उघडी पडली.

त्या चेंगालोचा सुमारे ३० लाख घनमीटर कडा २३ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळला. खालच्या छोट्या हिमनदीवर तो आदळला आणि दगड, बर्फ, पाण्याचा लोंढा बोंदो गावापर्यंत आला. २०११ मध्येही तिथे मोठी दरड कोसळली होती. त्यानंतर बसवलेल्या इशारायंत्रणेमुळे गावकरी वाचले. वरच्या दरीत पायी फिरायला गेलेले ८ जण मात्र गेले. त्यांचे मृतदेहही मिळाले नाहीत.

दोष एकट्या तापमानवाढीचा नाही. ग्रॅनाइटमधल्या भेगा जुन्याच. पण इतक्या उंचीवर त्या भेगांत बारमाही बर्फ असतो. तो ऊबावला की पकड सुटते, पाणी आत शिरते, दाब वाढतो.

खरा प्रश्न पुढेच आहे. डोंगर हलतो आहे, हे तज्ज्ञांना ठाऊक होते. वाटेवर धोक्याचे फलक होते. वाट मात्र खुली होती. बँकेत आमच्या खिडकीवर पाटी असे : 'पैसे मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.' पाटी लावली की आम्ही निर्धास्त! पण फलक वाचणाऱ्याला धोका आज आहे की दहा वर्षांनी, हे कसे कळावे? ते ज्याला कळते, त्यानेच वाट बंद करायला हवी. कडा पडला नाही तर चार लोक हसतील, पर्यटनाचे थोडे नुकसान होईल, एवढेच.

मे २०२५ मध्ये त्याच देशातल्या ब्लाटेन गावावर हिमनदी आणि दरड कोसळली. सुमारे ३०० गावकऱ्यांना काही दिवस आधीच हलवले होते. गाव बहुतेक गाडले गेले, एक जण दगावला, बाकीचे वाचले.

तारण कितीही पक्के असो, खाते वरचेवर तपासावे लागते. आणि तपासणीत खोट दिसली, तर नुसता शेरा मारून भागत नाही.