आधी पाणी, मग काठ

दिवाळीच्या पहाटे पहिला तांब्या अंगावर घेताना आपण गंगा, यमुना, गोदावरी यांना हाक मारतो. पुण्यात राहून मुठेला कोणी हाक मारीत नाही. ती ओ देऊन खरोखरच आली, तर न्हाणीघराचे दार लावून घ्यावे लागेल!

सणासुदीच्या अंकात हे सांडपाणी कशाला, असे कोणी म्हणेल. मला पुसाल तर, ज्या सणाची सुरुवातच स्नानाने होते त्या सणात नदीचा हिशेब मागायचा नाही, तर केव्हा मागायचा?

मुठा काही मोठी नदी नव्हे. ती सह्याद्रीत उगम पावते आणि टेमघर धरणातून खाली उतरते. पानशेतची आंबी आणि वरसगावची मोसे तिला येऊन मिळतात आणि खडकवासल्याला हे सारे पाणी अडते. तेच पाणी पुणेकर पितात. त्याच जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र वल्ही मारतात, शिडे उभारतात. हात ओला झाला म्हणून तिथे कोणी दचकत नाही.

पुढे तीच मुठा वीसएक किलोमीटर वाहत, शहर ओलांडीत संगमावर मुळेला मिळते. इथेही नावा आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळेच्या काठी आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांची ‘रिगाटा’ पाहायला पुणेकर हौसेने जमत आले आहेत. संगमाखाली बंडगार्डनचा बंधारा पाणी तुंबवून धरतो, म्हणून नावेला संथ पाणी मिळते. पण हे पाणी कुठले? पावसाळा सरला की धरणाखाली निर्मळ पाणी फारसे उतरत नाही. पात्रात भरते ते मुख्यतः आपल्याच मोऱ्यांचे. नावेला मानवणारा संथपणा घाणीलाही मानवतो. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, तिच्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते आणि वल्हे तिच्या मुळांत गुरफटते.

स्नानायोग्य पाण्याचे सरकारी माप ठरलेले आहे. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा. घाणीला कुजण्यासाठी लागणारा प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. विष्ठेतले जंतू १०० मिलिलिटरमध्ये फार तर २५०० चालतील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मुठेचे नाव आहे. मापही सरकारचे आणि यादीही सरकारचीच!

आता कारभार पाहा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाची, जपानी कर्जाच्या आधाराची ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली. तिची पायाभरणी झाली ६ मार्च २०२२ रोजी. त्याच दिवशी ९ किलोमीटर काठ सुशोभित करण्याच्या १०८० कोटींच्या कामाचीही पायाभरणी झाली आणि त्यात नौकाविहाराचे आश्वासन होते. सहा वर्षे तिष्ठलेले पाणी आणि ताजा ताजा काठ एकाच मांडवात बसले! नवरीला न्हाऊ न घालता तिला शालू नेसवण्याचाच हा प्रकार.

यावर म्हणतात, ‘काठ सुधारला की लोक येतील, लोक आले की पाणी सुधारेल.’ लोक येतील, रुमाल नाकाला लावतील आणि घरी जातील. दुसरे म्हणतात, ‘नौकाविहार ही मूठभरांची चैन.’ अहो, चैन कसली? नाव ही नदीची सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. काठावरच्या बाकावर बसणाऱ्याला घाण लांबून दिसते. वल्हे मारणाऱ्याच्या मात्र तोंडावर तिचे शिंतोडे उडतात. आपले दहा वर्षांचे पोर ज्या पाण्यात नाव हाकीत भिजले तरी आईच्या पोटात गोळा येणार नाही, तीच खरी नदी. बाकीची म्हणजे फरशी बसवलेली गटारे.

म्हणून माझी मागणी लहानशीच आहे. शहरातल्या प्रत्येक पुलावर एक फळा लावा. वर सांगितलेली तीन मापे आणि त्या आठवड्याचे तीन आकडे त्यावर मराठीत लिहा. जोवर ते आकडे मापात बसत नाहीत, तोवर काठाच्या एका फरशीलाही पैसा देऊ नका. पाणी स्वच्छ झाले, की काठावर माणसे बोलावावी लागणार नाहीत. ती आपल्या पायांनी येतील, आणि येताना नावा घेऊन येतील.