कंपनीचं स्टिकर खरवडणाऱ्या भावांनो, जरा थांबा



आज कांद्याचं नाही, उसाचं बी नाही, मोटारसायकलचं लिहितोय. काही जणांना राग येईल, येऊ द्या.

सध्या पोरांमध्ये एक खूळ शिरलंय. नवी गाडी दारात आली, नारळ फुटला, पेढे वाटले, की दुसऱ्या दिवशी ब्लेड घेऊन बसायचं. फ्रेमवरचं, चेनकव्हरवरचं, टाकीवरचं कंपनीचं बारीक अक्षरातलं स्टिकर खरवडायचं. कारण काय, तर गाडी ‘क्लीन’ दिसली पाहिजे. आणि मग त्याच साफ केलेल्या जागेवर रेडियमवाल्याकडून वाघाचे डोळे, आईची कृपा, गावाचं नाव लावून आणायचं. म्हणजे स्टिकरचा कंटाळा नाहीये, फक्त ज्यावर काही वाचायला आहे त्याचा कंटाळा आहे.

शोभेच्या पट्ट्या काढायच्या तर खुशाल काढा. शोरूमवाल्याने न विचारता मागं चिकटवलेली त्याची जाहिरात तर काढाच. पैसे आपण मोजायचे आणि त्याचा प्रचार बी आपणच करत फिरायचं, हे कशाला? माझं भांडण फक्त माहितीच्या स्टिकरपुरतं आहे. टायरमध्ये हवा किती, चेनला ढील किती, पेट्रोल कुठलं चालतं, हे सांगणारं जे आहे ते.

आता हवेचंच घ्या. स्टिकरवर मागच्या टायरचे दोन आकडे असतात, एकटा माणूस असताना वेगळा आणि मागं कोणी बसलं असताना वेगळा. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या गाडीवर एकटा माणूस असतो तरी कधी? राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर भागात पहाटे रस्त्यावर उभे राहा. ४० लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच ८० किलोच्या वर जातं. म्हणजे मागं एक धट्टाकट्टा माणूस बसल्यासारखंच झालं. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. वर घासाचा भारा. आणि पंक्चरवाल्यानं विचारलं, मागं किती मारू, तर आपलं उत्तर ठरलेलं: ‘मार की अंदाजानं.’ अंदाज कशाचा, दादा? कमी हवेवर ओझं टाकलं की टायरच्या बाजू दबत राहतात, टायर तापतो, वळणावर गाडी लोळते. जास्त मारली तर खडीवर टायर धरत नाही. बरोबर आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो तुमच्याच गाडीवर छापलेला होता आणि तुम्हीच तो ब्लेडनं काढून फेकला.

चेनचं तसंच. फार ताणली तर बेअरिंग आणि स्प्रॉकेट खाते, फार सैल राहिली तर उतरते. आणि चालू गाडीत उतरलेली चेन अडकून मागचं चाक जाम झालं तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

आता पेट्रोलकडे येतो, कारण हा मुद्दा आपल्या ऊसवाल्यांचा आहे. सहकारी साखर कारखानदारी महाराष्ट्रात पहिली उभी राहिली ती आपल्या प्रवरानगरला, १९५० च्या सुमारास. आज त्याच उसातून इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये मिसळतं. पंपावर आता मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई-२०. पण पंपावरचं पेट्रोल एक असलं तरी रस्त्यावरच्या गाड्या एक नाहीत. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असे करायला लागले. त्याआधीच्या लाखो गाड्या आपल्याच अंगणात आहेत.

गाडी किती टक्के इथेनॉल सोसते हे कंपनीनं ठरवायचं आणि स्पष्ट दिसेल असं स्टिकर गाडीवर लावायचं, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०२० मध्येच म्हटलं होतं. बघा, सरकारनं सांगितलं की माहिती गाडीवर पाहिजे, आणि आपण ती थिनरनं पुसतोय! पंपावर किती टक्के इथेनॉल आहे ते लिहा आणि बिनइथेनॉलचं पेट्रोलही ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे तिकडून काही मिळायचं नाही. राहिलं काय, तर टाकीजवळचं ते बोटभर स्टिकर.

इथेनॉलला माझा विरोध नाही. आपल्या उसाला त्यातून भाव मिळत असेल तर चांगलंच आहे. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिलाय. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात महिना महिना शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला ते महागात पडू शकतं. माझी गाडी यात कुठं बसते, हे मिस्त्रीला विचारण्याआधी गाडीलाच विचारता आलं पाहिजे.

पोरं म्हणतात, तात्या, आम्हाला सगळं पाठ आहे. असेल बाबा. पण शेतकऱ्याची गाडी एका हातात राहते का कधी? सकाळी बाप दूध घालायला नेतो, दुपारी पोरगा कॉलेजला, संध्याकाळी सालगडी मोटर चालू करायला, आणि पाहुणे आले की तेही घेऊन जातात. चार-सहा वर्षांनी गाडी विकली जाते, घेणारा तुमच्यापेक्षा गरीब असतो. स्टिकर तुमच्यासाठी नव्हतंच मुळी. ज्याला पाठ नाही त्याच्यासाठी होतं. तुम्ही खरवडलं ते त्याचं खरवडलं.

हे आपल्याला फवारणीच्या औषधात बरोबर कळतं. औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवणाऱ्याला आपण शिव्या घालतो. लेबलवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण बघून औषध किती विषारी ते समजतं, उतारा काय द्यायचा ते बी त्या माहितीतच असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून कृषी खात्याची माणसं सांगतात की बाटली टाकू नका, दवाखान्यात बाटलीसकट या. बाटलीचं लेबल जपायचं आणि ज्या गाडीवरून बायका-पोरं बसवून बाजाराला जातो तिचं लेबल खरवडायचं, ही कुठली अक्कल?

‘पुस्तकात सगळं असतं’ हे दुसरं उत्तर. पुस्तक कुठं आहे, दाखवा बरं. ते शोरूमच्या पिशवीसकट पत्र्याच्या पेटीत गेलं, पुढं उंदराला मिळालं. जुनी गाडी घेणाऱ्याला आरसी मिळते, विमा मिळतो, पुस्तक मिळालेलं क्वचितच दिसतं. ‘मोबाईलवर बघू’ म्हणणाऱ्यानं ग्रीसचे हात आणि एक काडी रेंज घेऊन बांधावर बघून दाखवावं.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे, आणि तिथं मी पोरांच्या बाजूनं आहे. ‘तात्या, ते इंग्रजीत असतं, वाचतंय कोण?’ बरोबर. औषधाच्या बाटलीवर आणि सोबतच्या कागदावर प्रादेशिक भाषा पाहिजे असा नियम आहे, म्हणून तिथं बारीक का होईना पण मराठी दिसते. लाख रुपयांच्या आसपासची गाडी विकणाऱ्या कंपनीला हवेचा आकडा मराठीत छापायला काय जड जातं? जाहिरात मराठीत, कर्जाचा फोन मराठीत, आणि कामाची गोष्ट इंग्रजीत, तीही मुंगीच्या पायाएवढी. दोन पावसाळ्यांत उडून जाणारी. भांडायचं तर इथं भांडा. शोरूमला गाडी घेताना विचारा, मराठी स्टिकर का नाही म्हणून. शंभर जणांनी विचारलं तर वर कुठंतरी नोंद होईल.

आणि ब्लेडचं काय होतं तेही ऐका. फ्रेमवर ब्लेड फिरवलं की रंगाला चरा पडतो. आपल्या गाडीवर खताचा चुरा पडतो, दूध सांडतं, फवारणीचं पाणी उडतं. त्या चऱ्यातून गंज आत शिरतो. थिनर तर रंगच उचलतो. शोभेची पट्टी काढायचीच असेल तर हेअर ड्रायरनं किंवा गरम पाण्याच्या फडक्यानं ऊब द्या, नखानं कोपरा उचला, हळू ओढा, उरलेला डिंक खोबरेल तेलानं पुसा. ब्लेड लागत नाही.

फ्रेमवर ठोकलेला चेसिस नंबर आणि त्याच्या आजूबाजूची प्लेट, तिकडं तर चुकूनही हात नको. १७ अक्षरांचा तो नंबर म्हणजे गाडीचा सातबारा. गाडी एमएच १६ ची असो की एमएच १७ ची, गाडी नावावर करताना, चोरी झाल्यावर, अपघातानंतर विम्याचा माणूस आल्यावर, सगळे टॉर्च तिथंच मारतात. तिथं खरवडल्याच्या खुणा दिसल्या की ‘क्लीन लुक’साठी केलं होतं हे कुणाला पटवणार? जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तुम्हीही आधी तिथंच बघा. नंबर आरसीशी जुळवा आणि आजूबाजूला नवा रंग मारलेला दिसला तर इसार देऊ नका.

ज्यांचं स्टिकर आधीच गेलंय त्यांनी एवढं करा. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी गावात कुणाकडं तरी असेल, तिच्या स्टिकरचा फोटो घ्या. नाहीतर सर्व्हिसिंगला जाल तेव्हा आकडे लिहून मागा. मग सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत ऑइलपेंटनं मराठीत लिहा: पुढं हवा इतकी, मागं एकट्याला इतकी, ओझ्याला इतकी, चेनचा ढील इतका.

तुमच्या गाडीवर काय काय शिल्लक आहे त्याचे फोटो खाली टाका. टाकताना चेसिस नंबर आणि पाटीवरचा नंबर तेवढा बोटानं झाका.