थर्माकोलचं तळघर, तेही यवतमाळात!

मंडळी, सध्या आमच्याकडे वीकएंडला एकच विषय: यवतमाळचं घर. प्लॉट कित्येक वर्षं नुसता पडून होता, आता बाबा रिटायरमेंटचे पैसे त्यात घालताहेत. आणि कॅनडातला चुलतभाऊ म्हणतो, तळघर काढा, भिंती आयसीएफच्या करा. इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म्स! म्हणजे थर्माकोलचे पोकळ ठोकळे लेगोसारखे रचायचे, पोकळीत सळई बांधायची आणि काँक्रीट ओतायचं. साचा काढायचाच नाही, तोच भिंतीचं अस्तर होऊन राहतो. 1966 साली कॅनडातल्याच वेर्नर ग्रेगोरी नावाच्या ठेकेदाराने याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

टेक्नॉलॉजी झकास आहे, वादच नाही. ओल आतच कोंडून राहते, त्यामुळे भिंतीवर रोज पाणी मारायची कटकट जवळजवळ संपते. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर शहराचे झालेले हाल ज्यांनी पाहिलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण तळघरात? अजिबात नाही.

तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराखाली न्यावाच लागतो. एवढं खणलंच आहे तर तळघर करून टाका, असा हिशोब. बाहेरची माती थंडगार, म्हणून घरातली ऊब धरून ठेवायला थर्माकोल. आपलं गणित नेमकं उलटं! काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ टिकून असतं, विदर्भात साधारण 27 अंश. वर मे महिन्यात 44 ची भट्टी. म्हणजे फुकटचा एसी भिंतीला चिकटून बसलाय आणि आपण पैसे मोजून मध्ये थर्माकोल घालणार. रिक्वायरमेंट न वाचता दुसऱ्या क्लायंटचा कोड कॉपी-पेस्ट करण्यातला प्रकार हा!

त्यात आपली काळी माती. पावसात फुगून भिंतीला बाजूने रेटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यासाठी भिंतीमागे मुरूम भरणं, पाण्याला वाट काढून देणं, जास्तीची सळई... हा खर्च थर्माकोल असला तरी चुकत नाही. शिवाय वाळवी. ती थर्माकोलवर जगत नाही, पण त्यातून बोगदे मस्त काढते, आणि दाराच्या चौकटीपर्यंत पोचेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

इन्सुलेशन हवंय ते स्लॅबला. 20 मेच्या आसपास यवतमाळात शून्य सावली दिवस येतो, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. सत्तरीच्या माणसांना तिथे झोपायचंय हो! म्हणून बाबांना सांगितलंय, तळघर रद्द करा. त्या पैशांत स्लॅबवर इन्सुलेशन आणि वरून पांढऱ्या टाइल्स.

पश्चिमेच्या भिंतीला मात्र आयसीएफ वापरू म्हणालात तर माझी ना नाही. फक्त ते ओतण्याचा सराव असलेला मिस्त्री आधी शोधा. घाईघाईत एकदम काँक्रीट ओतलं की ठोकळे फुटतात आणि सगळा माल अंगणात.