टॉनिकने यकृत धुतले जात नाही

धानाचे चुकारे झाले की त्यातले काही पैसे दारूत जातात आणि काही लिव्हर टॉनिकमध्ये. गोंदिया जिल्ह्यात हे दोन्ही खर्च पुष्कळदा एकाच घरातून होतात. नवरा मोहाची किंवा देशी पितो, बायको औषधाच्या दुकानातून ‘यकृत साफ करणारी’ बाटली आणते. काहीतरी करतो आहोत, एवढे समाधान त्यातून नक्की मिळते.

अँटिऑक्सिडंटची कल्पना मुळात चुकीची नाही. दारू पचवताना यकृतात ॲसिटाल्डिहाइड हे विष आणि पेशी जाळणारे फ्री रॅडिकल्स तयार होतात. त्यांना निष्प्रभ करणारा ग्लुटाथिओन हा यकृतातला साठा रोज पिणाऱ्यात आटत जातो. मग बाहेरून अँटिऑक्सिडंट दिले तर? तर्क सरळ आहे, पण रुग्णांवर तो फारसा टिकला नाही. टॉनिकांत सर्रास असणारे सिलिमारिन स्पेनमध्ये दारूमुळे सिरोसिस झालेल्या २०० रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. १९९८ साली निष्कर्ष आला: जगण्याच्या प्रमाणात फरक नाही.

थोडी आशा एन-ॲसिटिलसिस्टीनने दाखवली. २०११ च्या फ्रेंच अभ्यासात दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या १७४ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडसोबत पाच दिवस हे औषध शिरेतून दिले. महिन्याभरात त्यांच्यातले ८ टक्के दगावले. नुसत्या स्टेरॉइडवर २४ टक्के. सहा महिन्यांनी मात्र हा फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. शिवाय हा दवाखान्यात भरती करून द्यायचा उपचार आहे, दुकानातून आणायच्या गोळीचा नव्हे.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समजही सोडावा. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. पण आधीच आजारी यकृतावर असा प्रयोग कशाला?

यकृत सावरते ते दारू थांबल्यावर. नुसती चरबी साठली असेल तर काही आठवड्यांत ती उतरते. सिरोसिसमध्येही दारू सोडणारा जास्त जगतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास, झटके सुरू होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. भरती, झोपेची योग्य औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व हा त्यावरचा स्वस्त उपचार. देवरी-सालेकश्याच्या माणसाला त्यासाठी मजुरी बुडवून गोंदियाला यावे लागू नये. ही सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी, आणि टॉनिकांच्या खरेदीआधी हवी. दारू सोडण्याबाबत बोलायचे असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे.

आणखी एक. कावीळ म्हटली की घरोघरी उसाचा रस सुरू होतो. डाळ, अंडी, हळद बंद. या रुग्णांचे स्नायू आधीच झिजलेले असतात, त्यांना प्रथिनेच हवीत. डाळ, अंडी, दूध द्या. रात्री झोपण्यापूर्वीही थोडे खाऊ घाला. आणि पिऊन डोके दुखले म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या देऊ नका. ग्लुटाथिओन आटलेल्या यकृताला त्या फार लवकर बाधतात.